घड्याळाची टिकटिक मोबाइलला ऐकवताना

बाबांचं एचएमटी जनता मी पहिल्यांदा मोबाइलवर मोजलं तेव्हा अ‍ॅपने आकडा दिला: दिवसाला अधिक १ सेकंद, म्हणजे रोज एकच सेकंद पुढे. किल्लीचं जुनं घड्याळ, वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं, आणि दिवसाला एक सेकंद! लगेच स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्याने अंगठा दिला, मामांनी ‘जुनं ते सोनं’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ ऐटीत मनगटावर बांधून नौपाड्यातून ठाणे स्टेशनला निघालो, तर पुलावरून उतरताना रोजची फास्ट डोळ्यांदेखत गेली. रात्री ताडून पाहिलं. घड्याळ जवळजवळ दीड मिनिट मागे.

बाबा जेवत होते. म्हणाले, “अरे, ह्या वरच्या घड्याळाचा आवाज मला रात्री बेडरूममध्ये येतो. तुझ्या मोबाइलला येणार नाही?”

डायनिंग टेबलाच्या वर भिंतीवर आमचं सेलवालं घड्याळ आहे. सेकंदाला एकदा खणखणीत ‘टक्’ करणारं. टेबलावर ठेवलेला माझा फोन जनताची नाजूक टिकटिक सोडून त्या भिंतीवरच्या घड्याळाचाच हिशेब करत बसला होता. तो हिशेब बरोबरच होता म्हणा, घड्याळ तेवढं भलतंच होतं.

घड्याळ रोज किती सेकंद पुढे-मागे जातं ते फोनवर मोजायची ही पद्धत, तुमचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जाण्याआधी वाचा.

दोन जातींची अ‍ॅप

एका जातीची अ‍ॅप ऐकतात, दुसऱ्या जातीची नुसती वही ठेवतात. नवीन माणूस या दोन्हींची गल्लत करतो.

ऐकणारं अ‍ॅप मायक्रोफोनमधून ठोके टिपतं. घड्याळजींकडे यासाठी टाइमग्राफर नावाचं छोटं मशीन असतं, त्याचंच काम फोन करतो. अँड्रॉइडवर ‘वॉच अ‍ॅक्युरसी मीटर’ हे माझ्या वापरातलं. आयफोनवर ‘टाइमग्राफर’ एवढं शोधलंत तरी चार-पाच पर्याय दिसतील. जनतासारखं घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दोन ठोक्यांत २०० मिलिसेकंद. अ‍ॅप हेच अंतर मोजतं. दिवसाला १० सेकंद पुढे जाणाऱ्या घड्याळात दोन ठोक्यांतलं अंतर एका मिलिसेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाने कमी झालेलं असतं. एवढी बारीक गोष्ट अर्ध्या मिनिटात पकडून तिच्यावरून २४ तासांचं भाकीत करायचं, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. परीक्षा चांगली आहे, पण घड्याळाचा भात सगळीकडे सारखा शिजत नाही. वरचं शीत वेगळं, तळाचं वेगळं. पुढचं सगळं त्यासाठीच.

वही ठेवणारं अ‍ॅप, उदाहरणार्थ ‘टूलवॉच’, काही ऐकत नाही. आज तुमचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे ते नोंदवायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा नोंदवायचं. भागाकार ते करतं. हे कंटाळवाणं आहे आणि जास्त खरंही आहे, कारण यात तुमचं मनगट, तुमचा प्रवास, तुमची झोप सगळं धरलेलं असतं.

माझं ऐकाल तर सुरुवात वहीने करा.

वहीचं काम

खरी वेळ कुठून घ्यायची? भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिच्या संकेतस्थळावर वेळ दिसते. फोनची वेळ ‘आपोआप’वर असेल तर तीही घरगुती कामाला पुरते. फक्त दोन्ही दिवशी एकाच ठिकाणची वेळ वापरा. पहिल्या दिवशी फोन आणि चौथ्या दिवशी टीव्हीवरच्या बातम्यांच्या कोपऱ्यातलं घड्याळ असं करू नका, ते चित्र आपल्यापर्यंत पोचेपर्यंत काही सेकंद शिळं झालेलं असतं.

बऱ्याच जुन्या घड्याळांत किल्ली ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे ते सेकंदाला सेकंद लावता येत नाही. लावायची गरजही नाही. सोमवारी सकाळी ७ वाजता घड्याळ ४ सेकंद पुढे, गुरुवारी सकाळी ७ वाजता ४० सेकंद पुढे. तीन दिवसांत ३६ सेकंद, म्हणजे रोजचे १२. मधल्या काळात वेळ लावायची नाही, घड्याळ थांबू द्यायचं नाही, किल्लीचं असेल तर रोज ठरलेल्या वेळी किल्ली द्यायची. वाचताना डोळा डायलच्या बरोबर समोर हवा. तिरकं पाहिलं की काटा एखाद-दुसरा सेकंद सरकलेला दिसतो. सेकंद काटा बाराच्या खुणेवर आला की अ‍ॅपमध्ये बोट टेकवायचं, झालं.

रोजचे १२ सेकंद म्हणजे महिन्याला सहा मिनिटं. ऐकायला फार वाटतं, पण ८६,४०० सेकंदांत १२ ची चूक म्हणजे ९९.९८ टक्क्यांहून अधिक बरोबर. दहावीला एवढे मिळाले असते तर आईने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले असते.

आता फोनला ऐकवा: आधी शांतता

ठाण्यात शांतता शोधणं हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग. पंखा, फ्रिज, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, ग्रिलवरची कबुतरं, आणि घोडबंदर रोडकडे राहत असाल तर रस्त्यावरची अखंड घरघर. माझी वेळ पहाटे पाचची. सोसायटीची पाण्याची मोटर साडेपाचला सुरू होते, त्याआधी. पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, पण दोन मिनिटांचा प्रश्न असतो.

पहाट जमत नसेल तर कपाट. रजया-चादरींच्या घड्यांत मधोमध फोन आणि घड्याळ ठेवून दार लोटून घ्यायचं. कापूस बाहेरचा आवाज खातो. माझ्या बायकोने पहिल्यांदा मला कपाटात डोकं घालून बसलेलं पाहिलं तेव्हा काही विचारलं नाही, नुसता लाइट बंद करून गेली.

आणि भिंतीवरचं घड्याळ खोलीबाहेर. हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मायक्रोफोन कुठे लावायचा

बहुतेक फोनचा मुख्य मायक्रोफोन खाली, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. कव्हर काढा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मोजमापाच्या ऐन मध्यात कर्जवाल्यांचा फोन येतो. अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी द्या. आता घड्याळाची किल्लीची बाजू, म्हणजे क्राउन, मायक्रोफोनच्या भोकाला हलकेच टेकवा. क्राउनचा दांडा थेट यंत्रात जातो, त्यामुळे तिथून आवाज चांगला येतो. पट्टा वाजू नये म्हणून खाली रुमालाची घडी.

याहून बरा उपाय घरातच असतो: वायरवाला जुना इअरफोन, ज्याच्या वायरीवर बोलायचा माइक आहे तो. हा माइक घड्याळाच्या मागच्या झाकणाला कागदी चिकटपट्टीने चिकटवा. आवाज एकदम स्वच्छ येतो, आणि दुसरा फायदा असा की घड्याळ फोनपासून लांब राहतं. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, काही फोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं अख्खं कडं असतं. चुंबकाने घड्याळाचं काय होतं ते पुढे सांगतो. ब्लूटूथचे इअरबड मात्र वापरू नका. ते आवाज दाबून, गाळून पाठवतात, आणि गाळताना नेमकी टिकटिकच ‘गोंगाट’ म्हणून फेकून देतात.

मायक्रोफोन लागला की अ‍ॅपला घड्याळाची चाल, म्हणजे ते तासाला किती ठोके देतं, ते सांगा. बरीच अ‍ॅप ती स्वतः ओळखायचा प्रयत्न करतात आणि चुकतात, म्हणून हाताने निवडलेलं बरं. जुन्या एचएमटी जनतासाठी १८,०००. सीको ५ मधली ७एस२६ किंवा ४आर३६ ही यंत्रं, तसंच आजकाल असंख्य घड्याळांत बसवलेलं एनएच३५, यांना २१,६००. ईटीए २८२४-२ सारख्या स्विस यंत्रांना २८,८००. यंत्राचा नंबर मागच्या झाकणावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतो. चाल चुकीची निवडली तर पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी दिसते, आकडा काहीही येतो.

आणखी एक खाना असतो ‘लिफ्ट अँगल’ नावाचा. माहीत नसेल तर आधीपासून असलेले ५२ अंश तसेच ठेवा. त्याने पुढे-मागे जाण्याच्या आकड्यात काही फरक पडत नाही, फक्त खाली येणारा अ‍ॅम्प्लिट्यूड थोडा इकडेतिकडे होतो. तो काय, ते पुढे.

पडद्यावर काय बघायचं

पहिलं अर्धं मिनिट आकड्याकडे बघूच नका, तो डोलत असतो. नंतरच्या मिनिटभराची सरासरी घ्या.

ठिपक्यांच्या दोन रेषा उमटतात: एक ‘टिक’ची, एक ‘टक’ची. रेषा वर चढत असेल तर घड्याळ पुढे जातंय, खाली उतरत असेल तर मागे पडतंय, आडवी असेल तर उत्तम. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे बीट एरर. टिक आणि टक यांमधला वेळ सारखा नाही, लंगडत चालणाऱ्या माणसासारखा. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असेल तर छान. जुन्या घड्याळात एक मिलिसेकंदापर्यंत असला तरी मी घड्याळजीला त्रास देत नाही, कारण अशा बऱ्याच यंत्रांत तो सुधारायला बॅलन्स, म्हणजे आतलं झोके घेणारं चाक, बाहेर काढावा लागतो.

तिसरा आकडा अ‍ॅम्प्लिट्यूड, आणि खरी तब्येत इथे कळते. आतलं बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून किती अंश फिरतं ते हा आकडा सांगतो. कानाला एकच वाटणारा ठोका मुळात तीन बारीक आवाजांचा बनलेला असतो, आणि पहिल्या-तिसऱ्या आवाजातल्या अंतरावरून अ‍ॅप हे अंश काढतं. गोंगाटात पहिला आवाज हरवतो, म्हणून फोनवर हा आकडा सगळ्यात आधी बिघडतो. पूर्ण किल्ली दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं घड्याळ २७० ते ३१० च्या दरम्यान असेल तर खुशाल घाला. जुन्याला २५० सुद्धा शोभतं. २०० च्या खाली गेलं तर आत तेल वाळलंय असं समजा. कपाटात घालून पहाटे मोजलेल्या आमच्या जनताने १८५ दाखवले होते, आणि ठिपके तर मोहरीच्या फोडणीसारखे उडत होते.

शीत किती जागचं घ्यायचं

एका जागी मोजून थांबलात तर मेहनत वाया. घड्याळ डायल वर करून ठेवलं की एक आकडा, उलटं ठेवलं की दुसरा, क्राउन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे केलं की आणखी चार. उभ्या अवस्थेत बॅलन्सच्या दांड्याचं घर्षण वाढतं, आणि बॅलन्स जरासा जरी एका बाजूला जड असला तर गुरुत्वाकर्षण लगेच ते दाखवून देतं. सर्व्हिसिंगनंतर आमच्या जनताचे आकडे असे आले: डायल वर +१४, डायल खाली +११, क्राउन खाली +३, क्राउन वर −६. डावी-उजवी मी मोजत नाही, कंटाळा. तुम्ही मोजा.

प्रत्येक वेळी घड्याळ वळवलं की अर्धं मिनिट त्याला स्थिरावू द्या.

किल्लीचाही हिशेब आहे. मोजण्याआधी पूर्ण किल्ली द्या. हाताला अडल्यासारखं लागलं की थांबा, ‘जास्त किल्लीने घड्याळ बिघडतं’ म्हणून आधीच हात आवरायची गरज नाही. मग अर्धा-एक तास जाऊ द्या आणि मोजा. पुन्हा २४ तासांनी, किल्ली न देता, मोजा. स्प्रिंग उतरत गेली की बॅलन्सचा झोका लहान होतो आणि चाल बदलते. सकाळी +५ आणि रात्री +२५ दाखवणारं घड्याळ बिघडलेलं असेलच असं नाही, भुकेलेलं असू शकतं. सीकोच्या ७एस२६ ला हाताने किल्ली देता येत नाही. ते तास-दोन तास घालून फिरा, तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्यात तरी चालेल, फक्त हात खिशात नकोत.

किती असलं की ठीक?

अचूक घड्याळांना ‘क्रोनोमीटर’चं प्रमाणपत्र देणारी सीओएससी ही स्विस संस्था रोज −४ ते +६ सेकंदांची सरासरी मागते. सीको स्वतः ४आर३६ साठी −३५ ते +४५ एवढी मोकळीक सांगते, प्रत्यक्षात घड्याळं बहुधा त्याहून बरीच चांगली चालतात. म्हणजे नव्या सीको ५ ने +१८ दाखवले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. जुन्या एचएमटीकडून मी तीस सेकंदांच्या आतली अपेक्षा ठेवतो.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, रंगीत चकचकीत डायलची ‘जुनी’ एचएमटी आणि सीको घेतली असतील तर अपेक्षा आणखी खाली आणा. शौकीन लोक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: डायल नव्याने रंगवलेली, सुटे भाग चार घड्याळांतले. आकडे विचित्र आले तर दोष अ‍ॅपला देऊ नका.

फोनचं स्वतःचं घड्याळ

आता भिंतीवरच्या त्या घड्याळाला परत आत आणा. फोन वेळ मोजतो तोही आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावर, आणि तो स्फटिक दिवसाला एक-दोन सेकंद इकडेतिकडे असू शकतो. साधारण बरं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंदांच्या आत चुकतं, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. तेव्हा शांत खोलीत मुद्दाम ते सेलवालं टकटक घड्याळच अ‍ॅपला ऐकवा. आकडा +२ च्या आसपास आला तर तुमचा फोन साधारण दोन सेकंद जास्त दाखवतो असं धरून पुढच्या प्रत्येक आकड्यातून तेवढे वजा करा. काटा टकटक न करता सरकत जाणारं, आवाज नसलेलं भिंतघड्याळ याला चालणार नाही. माझा त्या पहिल्या दिवशीचा ‘अधिक १’ म्हणजे असा न ठरवता झालेला कॅलिब्रेशनचा, म्हणजे फोनच ताडून पाहण्याचा, प्रयोग होता.

अचानक मिनिटांनी पुढे गेलं तर

मागच्या पावसाळ्यात माझं सीको एका आठवड्यात बिनसलं. काल +१०, आज दिवसाला तीन मिनिटं पुढे. एका दुकानात दाखवलं. घड्याळ हातात घेऊन दोनदा हलवलं आणि निकाल दिला: पूर्ण मशीन खोलावं लागेल, सर्व्हिसिंग, आठ दिवस. मी परत घेऊन आलो. रात्री फोनचं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ नेलं तर सुई चक्क वळली. स्टीलमुळे सुई थोडी हलतेच, पण ही एवढी वळली की शंका राहिली नाही. चुंबक लागला होता. टॅबच्या चुंबकी कव्हरवर मी रोज रात्री घड्याळ काढून ठेवत होतो.

बॅलन्सला झोका देणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, चुंबक लागला की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ सुसाट सुटतं. हळूहळू मागे पडणं हे बहुधा तेलाचं लक्षण, एका रात्रीत धावत सुटणं हे बहुधा चुंबकाचं. चुंबकत्व घालवणाऱ्या मशीनवर, म्हणजे डिमॅग्नेटायझरवर, ठेवून बटण दाबलं की काही सेकंदांत काम होतं. जांभळी नाक्याच्या गल्लीतल्या एका घड्याळजी काकांनी ते करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. जनता मात्र सर्व्हिसिंगसाठी ठेवून घेतलं.

झाकण उघडायचं का?

नाही. आत + आणि − च्या खुणांमध्ये एक बारीक दांडी असते, ती केसभर सरकवली की चाल बदलते, हे सगळं चित्रफितींत फार सोपं दिसतं. स्क्रू ड्रायव्हर एकदा घसरला की हेअरस्प्रिंगचा गुंता होतो, आणि बारा सेकंदांसाठी निघालेला माणूस नवीन बॅलन्स शोधत फिरतो. त्याऐवजी घड्याळजीकडे जाताना चार अवस्थांचे चार स्क्रीनशॉट आणि वहीतली तीन दिवसांची सरासरी घेऊन जा. ‘फास्ट चालतं’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘मनगटावर रोज बारा पुढे, अ‍ॅम्प्लिट्यूड एकशे पंच्याऐंशी’ असं सांगितलंत तर समोरचा माणूस आय-ग्लास वर करून तुमच्याकडे नीट बघतो.

काकांनी माझे स्क्रीनशॉट मन लावून पाहिले. मग मागच्या फळीवर झाकून ठेवलेल्या टाइमग्राफरकडे बोट केलं. “हे बंद पडलंय. ते अ‍ॅप माझ्या फोनमध्ये टाकून दे की.” मी टाकून दिलं. गल्लीतला गोंगाट ऐकून अ‍ॅपने दुकानाच्या सगळ्या घड्याळांची मिळून एक रांगोळी काढली. काका म्हणाले, रात्री शटर पाडल्यावर बघतो.

जनता आठवड्याने आलं. अ‍ॅम्प्लिट्यूड २६०, ठिपके रांगेत. डायल वर ते पुढे जातं आणि क्राउन वर मागे पडतं, म्हणून रात्री मी ते क्राउन वर करून पुस्तकाला टेकवून ठेवतो. दिवसा कमावलेले सेकंद रात्री परत जातात. गेल्या रविवारी तीन दिवसांची सरासरी निघाली +४. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, तर आत्याने विचारलं, “ह्या वेळी कुठलं घड्याळ?”